एचएमव्ही १०२ पोर्टेबल ग्रामोफोन : एक उन्हाळा आणि एक पावसाळा वापरल्यावर

हॉलच्या कोपऱ्यात शोभेला पितळी कर्ण्याचा ग्रामोफोन हवा असेल, तर पुढचं वाचू नका. आजोबांच्या वेळच्या ७८च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) तबकड्या कपाटात पडून आहेत आणि त्या खरंच ऐकायच्या आहेत, अशांसाठी हे लिहितोय. मत आधीच सांगतो. मुंबईत चावीचा ग्रामोफोन घ्यायचा तर एचएमव्हीचं १०२ मॉडेल घ्यावं. काळ्या रेक्झिनची चौकोनी पेटी, वर हँडल. पाहुण्यांना वाटतं जुना टाइपरायटर असेल.

१०२ बाजारात आलं १९३१ साली. आधीच्या १०१ची जागा त्याने घेतली आणि पुढे वीसेक वर्षं तरी ते बनत राहिलं. त्यामुळेच ते आजही सापडतं आणि सुटे भागही मिळतात. मायक्रोफोन वापरून ध्वनिमुद्रण १९२५पासून सुरू झालं होतं. त्या तबकड्यांमधला खर्जाचा आवाज जुन्या अभ्रकाच्या पडद्याला नीट पेलत नसे. १०२च्या ५ए साउंडबॉक्समध्ये, म्हणजे सुईची थरथर आवाजात बदलणाऱ्या गोल डबीत, ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा पडदा आहे. फरक तबल्यात लगेच कळतो, बायाँ ऐकू येतो. कर्णा आहेच, पण पेटीच्या पोटात दुमडलेला. आवाज मागच्या बाजूने निघून उभ्या झाकणावर आपटतो आणि समोर येतो. म्हणून झाकण पूर्ण उघडलेलंच हवं.

आता बाजाराचं. चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटला शिरलं की आधी डोळ्यांत भरतात ते चकचकीत कर्णे. अष्टकोनी नक्षीदार पेटी, समोर कुत्र्याची पितळी पट्टी, आणि "अंग्रेज के जमाने का है साहब" हे ठरलेलं वाक्य. हे बहुतेक गेल्या काही दशकांत इथेच जोडलेले असतात. ते ओळखायला फार विद्या लागत नाही. पेटीला अधिक चिन्हाचे स्क्रू दिसले तर विषय संपला, कारण तसे स्क्रू १९३०च्या दशकाआधी चलनातच नव्हते आणि मशीन मात्र १९१०चं म्हणून विकायला ठेवलेलं असतं. अस्सल कर्णा बहुधा रंगवलेल्या पत्र्याचा किंवा लाकडाचा असतो आणि पेटीच्या मागे भक्कम ओतीव ब्रॅकेटवर बसतो. नकलीत पितळेचा पातळ पत्रा असतो आणि जाडजूड कोपराचा पाइप कसातरी वरून खुपसलेला असतो. साउंडबॉक्सवर 'एक्झिबिशन' ही त्या जुन्या मॉडेलच्या नावाची अक्षरं पुसट, कडा गोल झालेली दिसली, तर तो जुन्यावरून साचा घेऊन ओतलेला आहे असं समजा.

यात खरी चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. त्या अष्टकोनी पेटीच्या आत मोटर असते ती बऱ्याचदा एखाद्या पोर्टेबलचीच. म्हणजे एक चालणारी काळी पेटी फोडायची, तिची चावीची मोटर, टर्नटेबल, टोनआर्म (साउंडबॉक्स धरणारी पोकळ दांडी) काढायचा आणि त्यातून एक न वाजणारं शोपीस उभं करायचं. हॉटेलवाले आणि इंटिरिअरवाले ते आनंदाने घेतात. टर्नटेबल काढून आतली लाकडी फळी पाहिलीत, तर निकामी स्क्रूची भोकं दिसतील. तीच त्याची जन्मपत्रिका.

पोर्टेबलमध्येही अदलाबदल चालतेच. पेटी एचएमव्हीची आणि आत स्विस मोटर, हा प्रकार मी दोन दुकानांत पाहिला. मोटर वाईट नसते, पण मग भाव १०२चा द्यायचा नाही. साउंडबॉक्सवर ५ए किंवा ५बी कोरलंय का, हे आधी बघा. नंतर सुई बसवायची जागा धरून हलकेच हलवा. ती डगडगत असेल किंवा मागची जस्ताची ओतीव चकती फुगून तडकली असेल, तर तो साउंडबॉक्स दुरुस्तीला येत नाही. त्या काळचा तो धातू आतूनच भुसभुशीत होतो. पडद्याच्या कडेची रबराची गॅस्केट दगडासारखी झालेली असतेच, ती नवी घालता येते. माझ्या मशीनला गॅस्केट बदलल्यावर पत्र्याची खरखर गेली आणि सूर मोकळा झाला.

सुरुवातीला दर काही फेऱ्यांनी पेटीच्या आत 'धप्प' असा आवाज यायचा आणि गाणं क्षणभर थरथरायचं. स्प्रिंगच्या डब्यातलं जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट झालं की वेटोळी एकमेकांना चिकटतात आणि झटक्याने सुटतात. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका काकांनी डबा उघडून, धुऊन, ग्राफाइटचं ग्रीस भरून दिलं. हे घरी करू नये. ती स्प्रिंग सुटली तर बोटं जातात. वेग एकसारखा राखणाऱ्या गव्हर्नरच्या चकतीला टेकणाऱ्या फेल्टवर तेलाचा थेंब मात्र आपणच सोडायचा, नाहीतर किरकिर लागते.

वेग तपासायला तबकडीवर स्ट्रोबोस्कोपची, म्हणजे कडेला रेघा आखलेली, चकती लावतात. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर लुकलुकणाऱ्या दिव्याखाली ७७ रेघांची चकती लागते. रेघा स्थिर दिसल्या की वेग ७८. पण एलईडीखाली बऱ्याचदा काही दिसत नाही. स्वयंपाकघरात जुनी चोकवाली ट्यूब उरली आहे, तिच्याखाली पेटी नेऊन वेग लावतो. आई म्हणते, "आता याला पोळ्याही लाटायला बसव."

आवाज कमी-जास्त करायला बटण नाही, ते काम सुईचं. जाड सुई मोठ्याने, बारीक सुई हळू. आमच्या चाळवजा इमारतीत संध्याकाळी बारीकच चालते. प्रत्येक बाजूला नवी सुई, यात काटकसर नाही. पोलादी सुई वाजता वाजता झिजते आणि तिच्या धारदार झालेल्या कडा दुसऱ्या बाजूला खाचा खरवडतात. कुत्र्याचं चित्र असलेल्या जुन्या डब्या बाजारात मिळतात, पण आत वापरलेल्या सुया भरलेल्या असू शकतात. भिंगातून टोक बघूनच घ्या. एलपी किंवा ४५ची तबकडी चुकूनही लावायची नाही, एका फेरीत संपेल. साठच्या दशकातल्या शेवटच्या ७८च्या तबकड्याही मी यावर लावत नाही. त्या विजेवरच्या प्लेअरच्या हलक्या पिकअपसाठी होत्या, हा साउंडबॉक्स त्यांना फार जड.

आपोआप थांबणारा ब्रेक आहे, पण शेवटी आत ओढणारी खाच तबकडीवर असेल तरच तो लागतो. बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्यांना ती नाही, तिथे उठूनच थांबवावं लागतं. मुंबईतच निघालेल्या 'यंग इंडिया'च्या काही तबकड्या मिळाल्या आहेत. त्यांचा पृष्ठभाग जरा खरबरीत, पण साउंडबॉक्स त्यांना सांभाळून घेतो.

पावसाळ्याने मात्र परीक्षा घेतली. टर्नटेबलच्या मखमलीला कुबट वास, रेक्झिनवर पांढरी बुरशी, झाकणाच्या कडेचा गोंद सुटलेला. टोनआर्मवर ठिपके आले. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या आणि आठवड्यातून एकदा झाकण उघडं ठेवायला लागलो, तेव्हा आटोक्यात आलं. तबकड्यांवरची बुरशी कोमट पाणी आणि सौम्य साबणाच्या थेंबाने निघते, फक्त लेबल भिजू द्यायचं नाही. स्पिरिटला हात लावू नका. तबकडीतली लाख त्यात विरघळते.

घ्यायला जाताना स्वतःची एक तबकडी आणि नवी सुई खिशात ठेवा, पूर्ण चावी द्या आणि बाजू शेवटपर्यंत ऐका. सुरुवातीला कुठलंही मशीन छान वाजतं, शेवटच्या अर्ध्या मिनिटात सूर खाली आला तर स्प्रिंग थकलेली आहे, तेवढे पैसे तिथल्या तिथे कमी करून घ्यायचे. वाजवून दाखवायला जो दुकानदार तयार नाही, त्याच्याकडून घेऊ नका.