फास्ट-चेक आठ महिने वापरल्यावर: उभी-आडवी बेरीज आता मशीन लावतं

परत आलेला एक टॉवेल आमच्या कोडमध्ये तेरा टॉवेल होत होता, आणि हातानं लिहिलेल्या साठेक टेस्टपैकी एकीलाही त्याचा पत्ता नव्हता. फास्ट-चेक या कोड तपासणाऱ्या टूलनं तो पहिल्याच दिवशी पकडला. त्याला आता आठ महिने झाले.

आम्ही सोलापुरात टॉवेल-चादरीच्या कारखानदारांसाठी बिलिंग आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर बनवतो, सगळं जावास्क्रिप्टमध्ये. टॉवेलचा हिशेब डझनात चालतो. नगांचे डझन करताना आम्ही १२ नं भागून फ्लोअर (म्हणजे त्याच्या खालचा पूर्णांक) घ्यायचो आणि उरलेली बाकी सुटे नग म्हणून दाखवायचो. परत आलेला माल ऋण आकड्यानं नोंदवला जातो. -१ ला १२ नं भागून फ्लोअर केलं की -१ येतं. बाकीही -१ च येते, कारण जावास्क्रिप्टमध्ये बाकीला भाज्याचं चिन्ह लागतं. उणे एक डझन आणि उणे एक नग, म्हणजे उणे तेरा.

फास्ट-चेकला आपण उदाहरण देत नाही, नियम देतो. इथला नियम एका ओळीचा होता: कुठलेही नग घ्या, त्यांचे डझन करा, डझनांचे पुन्हा नग करा, मूळ आकडाच आला पाहिजे. मग ते स्वतःच आकडे काढून नियम मोडायचा प्रयत्न करतं. काही सांगितलं नाही तर प्रत्येक नियमासाठी शंभर वेळा. ही कल्पना हॅस्केल या प्रोग्रामिंग भाषेतल्या क्विकचेक या टूलची. कोएन क्लासेन आणि जॉन ह्यूज यांनी त्यावरचा पेपर २००० साली मांडला. जावास्क्रिप्टसाठी निकोलस दुबियन यांनी फास्ट-चेक लिहिलं. लायसन्स एमआयटी, आणि जेस्ट, व्हिटेस्ट, मोका या टेस्ट चालवणाऱ्या टूल्सपैकी कशाहीबरोबर चालतं.

रँडम आकडे फेकणं कुणालाही जमेल. खरी कमाल त्यानंतरची आहे. आमचा नियम पहिल्यांदा मोडला तो कुठल्या तरी भल्यामोठ्या सहा अंकी ऋण आकड्यावर. तेवढाच आकडा हातात ठेवला असता तर मी अर्धा तास त्याच्याकडे बघत बसलो असतो. फास्ट-चेक तो लहान करत करत -१ वर आणून ठेवतं. -१ दिसल्यावर चूक शोधावी लागत नाही, ती समोरच असते. याला श्रिंकिंग म्हणतात, आणि एवढ्या एका गोष्टीसाठीसुद्धा मी हे टूल ठेवीन.

फ्लोअर काढून शून्याच्या बाजूनं दशांश छाटायला लागलो, तर नियम पाळला गेला, पण नवीनच भानगड निघाली: उणे शून्य. -५ नगांचे डझन -० येतात. बेरजेत फरक पडत नाही, म्हणून मी ते सोडून देणार होतो. पण बिलावर आकडे मराठी लोकॅलमध्ये (म्हणजे मराठी अंकांत) छापले जातात, आणि तिथं खरोखर ‘-०’ उमटत होतं. गिऱ्हाईकाच्या हातात असं बिल जाणं मला अजिबात चाललं नसतं.

नियम सुचणं हे या कामातलं सगळ्यात अवघड. पहिला महिना मी कोडमधलंच गणित टेस्टमध्ये पुन्हा लिहीत होतो. त्यानं काही सिद्ध होत नाही, तीच चूक दोन्हीकडे बसते. अडलेली गाडी सुटली ती अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात. तिथल्या मुनीमजींना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. त्यांना विचारलं, “अण्णा, बिल बरोबर आहे हे तुम्ही कसं ओळखता?” ते म्हणाले, “उभी बेरीज न् आडवी बेरीज जुळती का बघायचं की. आणि सूट दिली तर ती वाटून पुन्हा तेवढीच भरती का बघायचं.” दोन वाक्यांत दोन नियम. खतावणी लिहिणाऱ्या माणसाकडे असे नियम साठलेले असतात. ते फक्त विचारायला हवेत.

सूट वाटायचा नियम लावताच मोडला. बिलावरची सूट आम्ही ओळींच्या रकमेप्रमाणे वाटून प्रत्येक भाग जवळच्या पैशाला गोल करत होतो. फास्ट-चेकनं आणून दिलेलं उदाहरण: दोन ओळी, प्रत्येकी १ पैसा, सूट १ पैसा. दोन्हींच्या वाट्याला अर्धा पैसा, दोन्ही गोल होऊन १, म्हणजे सूट दुप्पट. असं बिल बाजारात कुणी फाडत नाही, पण १०० रुपये सूट तीन सारख्या ओळींवर वाटली की ९९.९९ च भरते, ती हीच चूक. आता आधी सगळे भाग खाली उतरवतो आणि उरलेले पैसे ज्यांचा अपूर्णांक मोठा त्यांना देतो. तेव्हापासून तो नियम एकदाही मोडलेला नाही.

आता तक्रारी. मराठी नावांच्या बाबतीत ते आपणहून काही शोधत नाही. साधं स्ट्रिंग मागितलं तर अ‍ॅस्की, म्हणजे इंग्रजी अक्षरं-आकडे-चिन्हंच मिळतात. ‘सोलापूर’ची लांबी जावास्क्रिप्ट ७ सांगतं, आपण अक्षरं मोजतो चार. लेबलवर नाव आठवर कापलं की ‘सिद्धेश्वर’चं ‘सिद्धेश्’ होतं. मराठी अक्षरांची यादी आम्ही स्वतः करून दिली, तेव्हा कुठे ही चूक दिसली.

दुसरी तक्रार सीमेच्या आकड्यांची. नगाची किंमत ठरावीक रकमेच्या वर गेली की कराचा दर बदलतो. लाखो पैशांच्या पट्ट्यात नेमका तो आकडा शंभर प्रयत्नांत पडेलच असं नाही. सीमेवरची किंमत, तिच्या एक पैसा खाली आणि एक पैसा वर, या तीन टेस्ट आजही हातानं लिहिलेल्या आहेत आणि तशाच राहतील.

तिसरी माणसांची आहे. टेस्ट दर वेळी नवे आकडे काढते. एखाद्यानं फक्त बटणाचा रंग बदलला आणि भलतीच टेस्ट लाल, म्हणजे नापास झाली, तर तो चिडणारच. आमच्याकडे यावरून खटका उडाला होता. मग ठरवलं: लाल झालं की फास्ट-चेक दाखवतं ते सीड आणि पाथ (चूक कशी सापडली याची खूण) टीमच्या ग्रुपवर टाकायचे, त्यांच्यावरून तीच चूक कुठल्याही मशीनवर जशीच्या तशी चालवता येते. ते उदाहरण टेस्टमध्ये कायमचं जोडायचं, आणि दुरुस्ती ज्यानं तो कोड लिहिला त्यानं करायची. तेव्हापासून कुरबूर थांबली. डेटाबेसला हात लावणारे नियम मात्र दिवसा वीसच वेळा चालवतो, रात्री हजार.

फास्ट-चेकमधला शेड्युलर उशिरा वापरायला घेतला. तो प्रॉमिसेस, म्हणजे नंतर पूर्ण होणारी कामं, पूर्ण होण्याचा क्रम उलटासुलटा करतो. दोन काउंटरवरून एकाच वेळी मालाची एकच गाठ बुक होते, ही तक्रार आमच्याकडे वर्षभर येत होती आणि आम्हाला ऑफिसात ती कधी घडवता आली नव्हती. शेड्युलरनं दोन बुकिंगचा नेमका क्रम काढून दिला: दोघांनी शिल्लक वाचली, मग दोघांनी लिहिली.

परवा अण्णांनी आणखी एक सांगितलं: निम्मा माल परत आला तर सूटही निम्मीच परत गेली पाहिजे, आणि उरलेलाही माल परत आला तर खातं शून्यावर यायला पाहिजे. तो नियम काल लिहिला. तीन ओळींच्या बिलावर एक पैसा उरतोय, आज त्याच्याच मागे आहे.