घरी चाली बांधणाऱ्यासाठी सिंथेसायझर: मिनिलॉग, जुनो-डीएस की मोडेक्स?

घरी गाणी रचण्यासाठी सिंथेसायझर घेणाऱ्याने आवाजाच्या दर्जापासून सुरुवात करू नये, कारण प्रस्थापित कंपन्यांच्या आजच्या वाद्यांचा आवाज गाणे बांधण्यासाठी पुरेसा चांगला असतो. सुचलेली ओळ विरून जाण्यापूर्वी वाद्यात किती सहज नोंदवता येते आणि तिच्याखाली खर्ज, कॉर्ड व ठेका किती लवकर उभे राहतात, हा निकष अधिक उपयोगी आहे. कोर्गचा मिनिलॉग, रोलँडचा जुनो-डीएस ६१ आणि यामाहाचा मोडेक्स ६ ही तीन वाद्ये या निकषावर अगदी वेगवेगळी ठरतात. ती एकाच वर्गातली नसली, तरी गाणी रचणाऱ्यापुढे प्रत्यक्षात निवड असते ती अशाच तीन स्वभावांमधून.

मिनिलॉग २०१६ साली आला. त्याचा ध्वनी अॅनालॉग (संगणकी आकड्यांऐवजी थेट विद्युत लहरींवर चालणाऱ्या) सर्किटमधून निर्माण होतो आणि फिल्टर (आवाजाचा पोत बदलणारा भाग), ऑसिलेटर (मूळ लहर निर्माण करणारा), एन्व्हलप (स्वराचा चढ-उतार ठरवणारा) यांपैकी जवळपास प्रत्येक गोष्टीला समोरच स्वतंत्र नॉब किंवा स्विच आहे. नॉब फिरवता फिरवता एखादा आवाज हाती लागतो आणि त्या आवाजातूनच चाल सुचते, हे या वाद्याचे मोठे बळ आहे. तयार आवाजांच्या लांबलचक यादीतून ते सहसा साधत नाही. मात्र एका वेळी त्यातून चारच स्वर वाजतात. डाव्या हाताने खर्जाचा एक स्वर आणि उजव्या हाताने तीन स्वरांचा कॉर्ड धरला, की चाल वाजवायला स्वर शिल्लक राहत नाही आणि पाचवी पट्टी दाबताच आधीचा एखादा स्वर तुटतो. १९७८ च्या प्रॉफेट-५ या सिंथेसायझरमध्येही पाचच स्वर होते, त्यामुळे या मर्यादेत संगीत होत नाही असे कोणी म्हणणार नाही; पण ज्याला पियानोसारखे दोन्ही हातांनी वाजवत गाणे शोधायची सवय आहे, त्याला ती पहिल्याच दिवशी जाचेल. शिवाय पट्ट्या केवळ ३७ आणि त्याही अरुंद आहेत, सस्टेन पेडल (पट्टी सोडल्यावरही स्वर टिकवणारे पायातले बटण) जोडण्याची सोय नाही आणि आउटपुट मोनो, म्हणजे एकाच वाहिनीचे, आहे. सिक्वेन्सर (वाजवलेले स्वर नोंदवून पुन्हा वाजवणारी सोय) सोळा पायऱ्यांचा असून त्यातली रचना आवाजाच्या प्रोग्रामबरोबरच (साठवलेल्या आवाजाबरोबरच) साठवली जाते, म्हणून त्यात एखादी फिरणारी लकेर उत्तम बसते, परंतु मुखडा आणि अंतरा असलेले पूर्ण गाणे मावत नाही.

जुनो-डीएस ६१ या बाबतीत नेमका उलट आहे. त्यात पियानो, ऑर्गन, तंतुवाद्ये, ड्रम असे नमुनाधारित (ध्वनिमुद्रित नमुन्यांपासून घडवलेले) तयार आवाज आहेत, एका वेळी १२८ स्वरांपर्यंत वाजवण्याची क्षमता आहे आणि ६१ पट्ट्यांची पाच सप्तके आहेत, त्यामुळे कीबोर्डचे दोन भाग करून डावीकडे बास व उजवीकडे पियानो ठेवणे सोपे जाते. १२८ हा आकडा वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी, की एकावर एक थर दिलेला आवाज एका पट्टीमागे अनेक स्वर खर्च करतो आणि पेडल दाबलेले असताना तो हिशोब झपाट्याने वाढतो. तरीही घरच्या वापरात तो अडतो असे क्वचितच होते. त्याचा आठ ट्रॅकचा पॅटर्न सिक्वेन्सर न थांबता फिरत राहतो आणि प्रत्येक फेरीत नवा थर वाजवून नोंदवता येतो, हे चाल बांधणाऱ्याच्या फार कामाचे आहे. माइक जोडण्याची सोय असल्याने गाणे आणि वाद्य एकाच हेडफोनमध्ये रिव्हर्बसह (खोलीतल्या घुमण्यासारख्या परिणामासह) ऐकू येतात, आणि बॅटरीवर चालत असल्यामुळे वाद्य घरात कुठेही मांडता येते. आवाज मुळापासून घडवण्याच्या बाबतीत मात्र ते मिनिलॉगइतके मोकळे नाही, कारण खोलवरचे बदल छोट्या पडद्यावरील मेनूंमधूनच करावे लागतात.

मोडेक्स ६ (२०१८) सर्वांत समर्थ आहे, पण तो शिकण्यास अवघडही आहे. त्यात नमुनाधारित आवाजांसाठी १२८ आणि एफएम पद्धतीसाठी (एका लहरीने दुसरीची कंपनसंख्या बदलून आवाज घडवण्यासाठी) ६४ स्वर आहेत; १९८३ च्या डीएक्स७ या यामाहाच्याच सिंथेसायझरने लोकप्रिय केलेली ही पद्धत घंटेसारख्या, काचेसारख्या आणि टणक बासच्या आवाजांसाठी आजही उपयोगी पडते. यूएसबीच्या एका केबलमधून आवाज आणि मिडी (कोणती पट्टी कधी दाबली याची माहिती) दोन्ही संगणकात जात असल्यामुळे वेगळा ऑडिओ इंटरफेस (संगणकात आवाज नेणारे उपकरण) लागत नाही. ज्याचे गाणे शेवटी संगणकावरच पूर्ण होणार आहे, त्याच्यासाठी हा लाभ मोठा आहे. परंतु एका परफॉर्मन्समधील (साठवलेल्या पूर्ण आवाजातील) अनेक पार्ट म्हणजे थर आणि त्यांतील एलिमेंट म्हणजे घटक यांची रचना समजेपर्यंत बराच वेळ वाद्याच्या अभ्यासातच जातो, आणि ज्याचे मन मूलतः शब्द व चालीत रमते, त्याला हा अभ्यास ओझ्यासारखा वाटू शकतो.

स्वतःचा आवाज नसलेला मिडी कंट्रोलर, म्हणजे नुसता कीबोर्ड, घेऊन सारे काही संगणकाकडून वाजवून घेणे हा चौथा मार्ग आहे. ४४.१ किलोहर्ट्झला २५६ सॅम्पलचा बफर (आवाज पाठवण्यापूर्वी संगणक साठवून ठेवतो तो तुकडा) ठेवला, तर केवळ त्या बफरमुळे सुमारे ५.८ मिलिसेकंदांचा विलंब होतो, जो बहुतेकांना खटकत नाही. खटकते ते संगणक सुरू करून प्रकल्प उघडेपर्यंत थांबणे, म्हणून संगणक ज्याच्यासमोर एरवीही सुरूच असतो त्यानेच हा मार्ग धरावा.

पहिलेच वाद्य घेणाऱ्याला आणि स्वतः गाणाऱ्याला माझा कौल जुनो-डीएसकडे आहे. घरात आधीपासून पियानो किंवा साधा कीबोर्ड असेल, तर मिनिलॉगच्या उणिवा बऱ्याच अंशी झाकल्या जातात आणि दुसरे वाद्य म्हणून तोच अधिक सुचवणारा ठरतो. मोडेक्सची निवड गाण्याचे ध्वनिमुद्रण व संयोजनही स्वतःच करणाऱ्याने करावी. मात्र २०२२ मध्ये त्याच्या जागी मोडेक्स प्लस आला, ज्यात एफएमचे स्वरही १२८ झाले आहेत, त्यामुळे जुना मोडेक्स वापरलेला मिळत असेल तर किमतीतील फरक पाहूनच ठरवावे. तिन्हींपैकी एकातही अंगचे स्पीकर नाहीत, म्हणून हेडफोन किंवा मॉनिटर स्पीकरचा खर्च, आणि मिनिलॉग सोडल्यास सस्टेन पेडलचाही, सुरुवातीलाच हिशोबात धरावा.