तळपायाची न भरणारी जखम: ड्रेसिंग, प्लास्टर की बूट?

मधुमेहाने तळपाय बधिर झाला की काटा रुतलेला कळत नाही, आणि जखम दुखत नसल्यामुळे माणूस त्याच पायावर कपाशीत दिवसभर उभा राहतो. अशी जखम महिनोन्‌महिने भरत नाही ती बहुतेक वेळा या भारामुळे. म्हणून तिला काय लावावे, यापेक्षा तिच्यावरचा भार कशाने कमी होईल, हे आधी ठरवावे लागते.

त्याहीआधी पायाचा रक्तपुरवठा आणि जंतुसंसर्ग डॉक्टरांकडून तपासून घ्यावा. बोट काळे पडले असेल, घाण वास येत असेल, ताप असेल किंवा लाली वर सरकत असेल, तर तुलना करत न बसता त्याच दिवशी जिल्हा रुग्णालय गाठावे.

प्राथमिक आरोग्य केंद्रातले ड्रेसिंग जवळचे आणि स्वस्त आहे, शिवाय जखम वरचेवर नजरेखाली राहते. मात्र पट्टी बांधून रुग्ण त्याच जखमेवर पाय टाकत घरी जातो. जखमेच्या कडेला पांढरट, टणक घट्टा दिसत असेल, तर भार अजून पडतोच आहे असे समजावे. तो घट्टा जाणत्या हाताने ब्लेडने तासून काढणे हा उपचाराचाच भाग आहे, आणि नेमका तोच राहून जातो. (बिब्ब्याचा चटका मात्र कोणी सुचवला तरी देऊ नये, बधिर पायाला भाजलेलेही कळत नाही.)

पायाच्या आकाराबरहुकूम गुडघ्याखालपर्यंत घातलेले प्लास्टर भार साऱ्या तळव्यावर आणि पोटरीवर वाटून देते. रक्तपुरवठा चांगला असेल आणि संसर्ग नसेल, तर तळव्याच्या पुढच्या भागातली जखम त्यात बहुधा 6 ते 8 आठवड्यांत भरते. रुग्णाला ते काढता येत नाही, हाच त्याचा मोठा गुण. परंतु ते आठवडा-दोन आठवड्यांनी बदलावे लागते, आणि सराव नसलेल्या हाताने घातले तर आत नवी जखम होऊनही कळत नाही.

गुडघ्याखालपर्यंतचा, काढता येणारा उंच बूट जखम उघडून पाहायला सोयीचा, पण घरात शिरताच तो दाराशी निघतो आणि उपचार तिथेच थांबतो. त्याच बुटावर प्लास्टरची पट्टी गुंडाळून तो न निघणारा केला, तर गुण जवळपास प्लास्टरइतकाच येतो. तालुक्याच्या गावी प्लास्टरचा जाणकार नसेल, तर माझा कौल याला आहे. संसर्ग असेल किंवा रक्तपुरवठा कमी असेल, तर मात्र बूट काढता येणाराच ठेवावा.

ऑपरेशननंतरच्या मोठ्या जखमेला व्हॅक्यूम ड्रेसिंग, म्हणजे यंत्राने जखमेतला स्राव शोषून घेणारी बंद पट्टी, उपयोगी पडते. ऑक्सिजन चेंबरच्या (बंद कक्षात जास्त दाबाखाली ऑक्सिजन देण्याच्या) तीस-चाळीस बैठकांसाठी मात्र शहरात मुक्काम करावा लागतो, आणि भार न काढता त्यावर पैसा घालणे मला पटत नाही.

कोणताही मार्ग धरला तरी जखम दर आठवड्याला मोजून लिहून ठेवावी. 4 आठवड्यांत ती निम्म्यावर आली नाही, तर हाडाचा एक्स-रे आणि रक्तपुरवठ्याची तपासणी पुन्हा करून घ्यावी. भरल्यावरही मऊ तळाची एमसीआर (मायक्रोसेल्युलर रबर) चप्पल लागतेच. कुष्ठरोग्यांच्या बधिर पायांसाठी ती वर्षानुवर्षे दिली जात असल्याने वर्धा-वरोरा भागात तिची चौकशी करणे अवघड नाही.