काळा सीएच३४१ए प्रोग्रॅमर, आठ महिन्यांनी: हार्ड डिस्कच्या रॉमसाठी घेताय तर आधी ५ व्होल्टचं बघा

मेमरी चिप वाचायच्या-लिहायच्या या यूएसबी प्रोग्रॅमरचा दुसरा नग या आठवड्यात आला. पाकिटावर ठळक छापलेलं, '३.३ व्होल्ट'. मीटर लावला. सॉकेटच्या ८ नंबरच्या पायावर ३.३, बरोबर. १ नंबरच्या पायावर मात्र ४.९. आठ महिन्यांपूर्वीच्या नगात हाच दोष होता, आणि विक्रेता परत घ्यायला तयार नाही. म्हणतो, "सगळे असेच वापरतात." सगळे वापरतात हे खरं आहे, म्हणून तर हे लिहावं लागतंय.

दोष असा, की समोरच्या मेमरी चिपला एएमएस१११७ रेग्युलेटरमधून ३.३ व्होल्ट मिळतात, पण खुद्द सीएच३४१ए यूएसबीच्या ५ व्होल्टवर चालते. त्यामुळे १, ५ आणि ६ नंबरच्या पायांवरचे सिग्नल ५ व्होल्टच्या पातळीने जातात. हार्ड डिस्कच्या बोर्डावरच्या २५ सिरीजच्या चिपा साधारण २.७ ते ३.६ व्होल्टच्या. बऱ्याच निमूट सहन करतात, काही चुकीचं वाचून देतात, एखादी कायमची जाते. मदरबोर्डची बायोस चिप गेली तर फाइल कंपनीच्या साइटवर मिळते. डिस्कच्या रॉममध्ये, म्हणजे बोर्डावरच्या या छोट्या मेमरी चिपेत, मात्र त्या एकाच डिस्कच्या हेडची (डेटा वाचणाऱ्या टोकांची), कारखान्यात जुळवलेली मापं असतात. ती गेली तर दुसरी प्रत घरबसल्या काढता येत नाही. साडेतीनशे रुपयांच्या वस्तूत हा धोका ठेवायचं काहीही कारण नव्हतं.

दुरुस्ती अर्ध्या तासाची आहे. सीएच३४१एचा २८ नंबरचा पाय, म्हणजे पहिल्या पायाच्या बरोबर समोरचा, बारीक टोकाच्या आयर्नने तापवून सुईने उचलायचा. उचललेला पाय आणि ९ नंबरचा पाय, दोन्ही पातळ वायरने एएमएस१११७च्या मधल्या पायाला जोडायचे. तिथे ३.३ मिळतात. पाय उचलताना घाई केली तर तो मुळातून तुटतो, म्हणून सोल्डर पूर्ण वितळल्याशिवाय सुईला जोर देऊ नका. परत मीटर लावा. १ नंबरच्या पायावर ३.३ दिसेपर्यंत कुठलीही चिप सॉकेटमध्ये घालायची नाही. चिपेचा नंबरही आधी वाचा. डब्ल्यू२५क्यू६४एफडब्ल्यूसारख्या चिपा १.८ व्होल्टच्या असतात, त्यांना हे ३.३सुद्धा जास्तच.

सोबत आलेल्या, बोर्डावरच्या चिपेला चिमट्यासारख्या लावायच्या क्लिपबद्दल पहिल्या महिन्यात माझं मत चांगलं होतं. चिप न काढता वाचता येणार, म्हणजे सोय. आता ती क्लिप ड्रॉवरमध्ये पडून असते. क्लिपमधून दिलेले ३.३ व्होल्ट फक्त रॉमला जात नाहीत, बोर्डावरच्या बाकीच्या सर्किटलाही जातात. मुख्य चिप अर्धवट जागी होते आणि त्याच तारांवर बोलायला लागते. वाचलेली फाइल कधी नुसत्या एफएफने, कधी नुसत्या ००ने भरलेली, आणि सगळ्यात वाईट म्हणजे कधी खरी वाटणारी पण चुकलेली. त्यापेक्षा चिप काढा. भरपूर फ्लक्स, शेजारच्या भागांवर उष्णता सोसणारी कॅप्टॉन टेप, हॉट एअर ३५० अंशांच्या आसपास. चिमट्याने हलकंच ढोसल्यावर चिप तरंगली की उचला, ओढू नका. फ्लॅशरॉम या सॉफ्टवेअरने दोनदा वाचा आणि दोन्ही फाइलींचे एमडी५ (फाइलीचा ठसा दाखवणारा आकडा) जुळतात का बघा. २ मेगाबिटच्या चिपेची फाइल २५६ केबीचीच हवी.

आता हे सगळं कधी लागतं? बहुतेक वेळा लागतच नाही. एक्स्टर्नल केसचा १२ व्होल्टचा अडॅप्टर सापडत नाही म्हणून लॅपटॉपचा १९ व्होल्टचा लावला, पिन बसली, डिस्क मेली, हा नेहमीचा प्रकार. बोर्डावर पॉवरच्या पिनांजवळ जास्त व्होल्टपासून वाचवणारे दोन टीव्हीएस डायोड असतात, एक ५ व्होल्टच्या रेषेवर, एक १२च्या. एसएमबीजे१२ए जातीचा डायोड १३.३ व्होल्टच्या पुढे प्रवाह वाहू देतो. १९ मिळाले की स्वतः शॉर्ट होतो आणि बोर्ड वाचवतो. लक्षण म्हणजे डिस्क अजिबात फिरत नाही, अडॅप्टरचा दिवा लुकलुकतो किंवा पीसीचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) चालूच होत नाही. साटाच्या पॉवर पिनांत १३ ते १५ म्हणजे १२ व्होल्ट, ७ ते ९ म्हणजे ५ व्होल्ट, १० आणि १२ ग्राउंड. १२ आणि ग्राउंडमध्ये मीटरची सलग बीप आली तर तो डायोड काढा, बीप थांबते का बघा. शेजारचा शून्य ओहमचा रोधकही तपासा, तोही उडालेला असतो. डायोडशिवाय डिस्क चालते, पण संरक्षणाशिवाय. त्यामुळे खात्रीच्या पॉवर सप्लायवर, फक्त कॉपी काढण्यापुरती.

बोर्ड उघडलाच आहे तर त्याच्या पाठीमागचे, हेडकडे जाणारे संपर्कबिंदूही बघा. पुण्याच्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत कपाटात पडलेल्या डिस्कवर ते काळे पडलेले असतात. पांढरं खोडरबर हलक्या हाताने फिरवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. निम्म्या 'बोर्ड गेला' तक्रारींना माझ्या लेखी याहून जास्त खर्चाची गरज नसते.

मोटर चालवणारी चिप फुटली असेल किंवा हात लावताच चटका बसत असेल, तर डोनर बोर्ड, म्हणजे तशाच दुसऱ्या डिस्कचा बोर्ड. डब्ल्यूडीचा (वेस्टर्न डिजिटलचा) असेल तर तांब्यात छापलेला २०६०ने सुरू होणारा नंबर जुळवा, बारकोडच्या स्टिकरवरचा २०६१ नव्हे. बुधवारी-रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात बंद डिस्क मिळतात, त्यातून डोनर निघतो. फ्लक्स, टेप, वायर तपकीर गल्लीत. नुसता बोर्ड बदलला तर डिस्क फिरते आणि टकटक करते. परक्या मापांनी हेड आपली जागा वाचू शकत नाही. लोक इथेच समजतात की हेड गेलं. ताबडतोब बंद करा. मूळ रॉमची प्रत डोनरच्या चिपेत लिहा आणि मूळ चिप डबीत ठेवा. प्रोग्रॅमरचा खरा उपयोग हाच, अस्सल चिपेवर दुसऱ्यांदा उष्णता लावावी लागत नाही. डब्ल्यूडीच्या बोर्डावर 'यू१२' छापलेली रॉम चिपेची जागा रिकामी असेल तर रॉम मुख्य चिपेच्या आत आहे, तिथे हा प्रोग्रॅमर कामाचा नाही. डब्ल्यूडीच्याच माय पासपोर्ट या एक्स्टर्नल डिस्कच्या बऱ्याच मॉडेलांत यूएसबी थेट बोर्डावर असते आणि पासवर्ड न टाकताही डेटा एन्क्रिप्ट होतो, त्यामुळे साटाचा बोर्ड लावून डिस्क ओळखली गेली तरी आत नुसता गोंधळ दिसतो.

डिस्क ओळखली गेली की फायली उघडून बघायचा मोह टाळा. डीडीरेस्क्यू या सॉफ्टवेअरने मॅपफाइलसह (काय वाचलं, काय राहिलं याची नोंद) पूर्ण डिस्कची प्रत दुसऱ्या मोठ्या डिस्कवर. पहिली फेरी नो-स्क्रेप पर्यायाने, अवघड जागा नंतर.

व्होल्टेज निवडायचा स्विच असलेली आवृत्तीही मिळते, थोडी महाग. हा दुसरा नग दुरुस्त करून वापरतोय. तिसरा घ्यावा लागला तर स्विचवाला घेईन, आणि तोही चिप घालण्याआधी १ नंबरच्या पायावर मीटर लावूनच.