चाकातले दिवे रोजच्या सायकलला उपयोगी आहेत का? पावसाळ्यासकट वापरल्यानंतर

मागच्या चाकातली दिव्यांची माळ परवा बंद पडली. सेल संपले नव्हते, वायरही तुटली नव्हती. माळेच्या सेलच्या डबीतला एक सेल स्प्रिंगवर दाबला जाऊन दुसऱ्या टोकाच्या पत्रीपासून सुटत होता, एवढंच. सायकल थांबली की दिवे लागायचे, वेग घेतला की विझायचे. या दिव्यांचं मुख्य दुखणं हेच आहे आणि खोक्यावर त्याबद्दल एक ओळ नसते, म्हणून आधी तेच सविस्तर लिहितो.

७००सी (म्हणजे रोड आणि हायब्रिड सायकलींच्या मापाच्या) चाकाचा घेर साधारण २.१ मीटर. ताशी २० किलोमीटरला चाक सेकंदाला अडीचपेक्षा जास्त फेऱ्या मारतं. त्या वेगात रिमजवळ बसवलेल्या वस्तूला तिच्या वजनाच्या साधारण साडेआठ पट ओढ बाहेरच्या दिशेने बसते. हबच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याच्या) मध्यापासून पाच सेंटिमीटरवर मात्र ती दीडपटही नसते. त्यामुळे सेलची डबी जितकी हबजवळ तितकी बरी, हे बहुतेकांना आपोआप कळतं. कळत नाही ते डबीच्या दिशेचं. तीन पेन्सिल सेलच्या डबीत सेल उलटसुलट बसतात. डबी स्पोकच्या रेषेत उभी बांधली, तर ती कशीही फिरवा, निदान एका सेलची स्प्रिंग रिमच्या बाजूला येतेच. चाक फिरलं की तो सेल आपल्याच वजनाने स्प्रिंग दाबतो, आतलं टोक पत्री सोडतं आणि माळ विझते. खड्डा किंवा स्पीडब्रेकर आला की हे आणखी लवकर होतं. उभ्या चाकावर तपासलं तर सगळं ठीक दिसतं, म्हणून दुकानदार सेल बदलून देतो आणि चांगले सेल टाकून दिले जातात.

उपाय फुकटचा आहे. डबी आडवी बांधा. पुढच्या चाकात दोन्ही बाजूंच्या स्पोकमध्ये पुरेशी जागा असते, तिथे सेल अॅक्सलला समांतर राहतील अशी डबी बसते. गिअरवाल्या मागच्या चाकात तेवढी रुंदी मिळत नाही. तिथे सेल स्पोकना काटकोनात, घेराच्या दिशेने आडवे ठेवा. दोन्हीत ओढ सेलच्या कुशीवर बसते, टोकांवर नाही. डबीचं झाकण हबकडे तोंड करून असावं. फिरत्या चाकात पाणी निथळायला ‘खालची बाजू’ नसते; आत गेलेलं पाणी बाहेरच्या भिंतीकडे फेकलं जातं. ती भिंत अखंड असू दे, फट असलेलं झाकण नको. सांध्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबचा रुंद तुकडा रबरबँडसारखा चढवला की पावसाळाही निभतो. दोन केबल टाय पुरत नाहीत, चार लावा, आणि कापलेली टोकं आत वळवा.

वायरचंही थोडं सांगायला हवं. माळ साधारण दोन मीटरची आणि २० एलईडींची असते. ती रिमला चिकटवू नका, रिमब्रेक असेल तर रबर घासून ती सोलली जाते. रिमपासून तीन-चार बोटं आत, स्पोकना एकाआड एक टाय मारत न्या आणि टाय गच्च आवळू नका. वायर तुटते ती नेमकी गच्च आवळलेल्या जागी. मागच्या चाकात माळ डाव्या बाजूच्या स्पोकवरच ठेवा. उजवीकडे सर्वात मोठ्या चकतीवर चेन गेली की डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) स्पोकच्या अगदी जवळ येतो आणि सैल टाय त्यात अडकू शकतो. रिमचा आऊट (वाकडेपणा) काढायचा असेल तर माळ लावायच्या आधी काढून घ्या, नाहीतर सगळं पुन्हा सोडावं लागतं.

व्हॉल्व्हच्या टोपीवर बसणारे दिवे मात्र सरळ बाद. ते मोटारसायकलच्या व्हॉल्व्हच्या मापाचे असतात. आपल्याकडच्या साध्या सायकलींना व्हॉल्व्ह ट्यूबवाला जुना व्हॉल्व्ह असतो, त्याच्या बारीक टोकावर हे आटे बसत नाहीत. बसलेच तर दिवा रिमपाशी, म्हणजे ओढ सर्वात जास्त तिथे. आत तीन बारीक बटण सेल आणि हलल्यावर लागणारा स्प्रिंगचा स्विच. हवा भरताना दरवेळी काढा, स्टँडवर सायकल लावली तर कोणीही दोन बोटांनी फिरवून नेईल. शिवाय एकच दिवा सेकंदाला दोन-अडीच वेळा फिरला तर डोळ्याला वर्तुळ दिसत नाही, नुसता उडता ठिपका दिसतो. सलग कडं दिसायला घेरावर आठ-दहा दिवे तरी लागतात.

पावसाळ्याआधी माझं मत या सगळ्याच प्रकाराबद्दल वाईट होतं: लहान मुलांच्या सायकलला ठीक, ऑफिसला जाणाऱ्याला निरुपयोगी. ते आता अर्धं बदललं आहे. स्पोकवरचे रिफ्लेक्टर चमकायला समोरच्याच्या हेडलाइटचा झोत थेट त्यांच्यावर पडावा लागतो. गल्लीतून मुख्य रस्त्यावर येणाऱ्या स्कूटरचा झोत वळेपर्यंत दुसरीकडेच असतो, आणि तो तुमच्यावर पडतो तेव्हा ब्रेक मारायला अंतर उरलेलं नसतं. पावसात रिफ्लेक्टरवर चिखलही बसतो. स्वतः उजळणारं कडं त्याआधीच दिसतं आणि ते फिरतंय म्हणून ही सायकल आहे हेही कळतं. पुण्यात डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि ऑफिसं सुटायची वेळ तीच, त्यामुळे चौकांवर आणि गल्ल्यांच्या तोंडांवर हा फायदा खरा आहे.

पण मागून येणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही. बरोबर मागून पाहिलं तर चाक म्हणजे एक उभी रेघ, त्यात टायर आणि मडगार्डच्या आड सगळं कडं लपतं. आणि कमी उजेडाच्या सलग रस्त्यावर सायकलवाल्याला सर्वात जास्त भीती मागूनच असते. २०११ मध्ये अमेरिकेत किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवर आलेल्या रेव्होलाइट्स या चाकाच्या दिव्यांनी नेमकी हीच अडचण हेरली होती. रिमवरच्या रिंगांतले एलईडी चाकाचा वेग मोजून पुढच्या चाकात फक्त पुढच्या भागात पांढरे आणि मागच्या चाकात फक्त मागच्या भागात लाल लागत. कल्पना सुंदर, पण सिग्नलला थांबलं की उजेडाची ही कमान मोडते, कारण ती फिरण्यावरच उभी आहे.

डेन्मार्कच्या रीलाइट कंपनीची वाट वेगळी. स्पोकवर चुंबकं, अॅक्सलवर दिवा, मधे काही मिलिमीटरची फट. सेल नाही, टायरला घासणारा डायनॅमो नाही, आणि दिवे पुढे-मागे तोंड केलेले. २००४-०५ मध्ये ओडेन्स शहरात सुमारे ४,००० सायकलस्वारांवर असे कायम चालू राहणारे दिवे तपासले गेले. दिवे लावलेल्यांत इजा झालेल्या अपघातांचं प्रमाण १९ टक्क्यांनी कमी निघालं. चाकाच्या ऊर्जेवर चालणारा दिवा उपयोगी ठरतो तो असा: चालू करायला विसरता येत नाही आणि तोंड योग्य दिशेला असतं. चाकाला आऊट असेल तर फट कमीजास्त होऊन उजेड कापतो, तेवढं सांभाळावं लागतं. सुरुवातीची मॉडेलं थांबल्यावर विझत, नंतरच्यांत त्यासाठी थोडी वीज साठवणारा कपॅसिटर आला.

आपल्याकडे खर्चाचा हिशोब करायचा तर पैसे या क्रमाने घाला. आधी सीटपोस्टवरचा चार्जिंगचा लाल दिवा, कॅरिअरवरच्या बॅगेआड जाणार नाही अशा उंचीवर. मग हँडलवरचा पांढरा. मग प्रत्येक स्पोकवर चढवायच्या रिफ्लेक्टिव्ह नळ्या. त्यांना सेल लागत नाही आणि जर्मनीत बाजूने दिसण्यासाठी कायद्याला त्या चालतात. हे सगळं झाल्यावर माळ, तीही एकाच रंगाची. पिवळी किंवा पांढरी घ्या. पुढच्या चाकात लाल लावली तर सायकल येतेय की जातेय हे लांबून कळत नाही. साध्या पेन्सिल सेलऐवजी चार्जिंगचे घातले तर तीन सेलचे साडेचारऐवजी ३.६ व्होल्ट मिळतात, उजेड जरा उतरतो, पण बाजूने दिसायला पुरतो आणि दर महिन्याचा खर्च वाचतो.

परवाची माळ डबी आडवी करून पुन्हा चालू झाली आहे. डबीतल्या पत्र्यांवर हिरवट गंज दिसला तर बारीक सँडपेपरने घासा, स्प्रिंग नखाने दोन-तीन मिलिमीटर ओढून ताठ करा, आणि मगच नवे सेल विकत घ्यायचे की नाही ते ठरवा.