प्रेमकथेच्या ‘मेंटॉरशिप’मध्ये माझे ३५,४३९ रुपये गेले. लिहिणाऱ्या बायकांनो, वाचाच!

आधी हिशेब सांगते, म्हणजे ‘गेले असतील थोडेफार’ असं कुणी म्हणायला नको. ४९९ नोंदणीचे. ७,५०० मेंटॉर, म्हणजे मार्गदर्शक लेखक, नेमून देण्याचे. १८,००० इंग्रजी भाषांतराचे. शेवटी ‘पिच एडिटिंग’चे, म्हणजे प्रकाशकाला पाठवायचा कथेचा गोषवारा नीट करण्याचे, ८,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ९,४४०. एकूण ३५,४३९ रुपये. ब्लाउज शिवून, पिको-फॉल करून साठवलेले आणि भिशीतून आलेले. घरात अजून सगळ्यांना माहीत नाही, म्हणून माझं नाव घालत नाही. फसवणाऱ्यांचं नाव घालून उपयोग नाही, ते पान बंद करून दुसऱ्या नावानं उघडतात.

जाहिरात अशी होती: नवोदित प्रेमकथा लेखकांसाठी सहा महिन्यांची मेंटॉरशिप; ग्रामीण, दलित, अपंग, समलिंगी आणि भाषिक अल्पसंख्याक लेखकांना प्राधान्य. ‘भाषिक अल्पसंख्याक’ हे दोन शब्द वाचून मी अडकले. आम्हा कर्नाटकातल्या मराठी निपाणीकरांना सरकारी कागदाबाहेर असं आपणहून कुणी विचारलंय कधी? पुण्याच्या अंकाला कथा पाठवली तर उत्तर येत नाही. आमच्या सीमाभागात कडोलीला, येळ्ळूरला, उचगावला साहित्य संमेलनं होतात, मांडव भरतो, पण तिथं ‘मी प्रेमकथा लिहिते’ म्हणून बघा एकदा. सीमाप्रश्नावर कविता असेल तर माईक मिळतो. आणि हे लोक सांगत होते की तुमच्यासारख्या बाईचाच आवाज जगाला हवा आहे. हसणाऱ्यांनी खुशाल हसावं, पण त्याआधी मला दुसरं कोण विचारत होतं तेवढं सांगावं.

आता ते पत्र. आजही आठवलं की अंगाची लाही होते.

माझी कथा तंबाखूच्या वखारीतली. १९८१ चं निपाणीचं तंबाखू आंदोलन, रस्त्यावर बसलेले शेतकरी, वखारीत तंबाखू चाळणारी एक मुलगी आणि आंदोलनात भाकरी वाटत फिरणारा एक पोरगा. धुळीनं तिचे डोळे चुरचुरतात, त्याला वाटतं ती रडतेय. तिथून सगळं सुरू होतं. यावर माझ्या ‘परदेशी मेंटॉर’चं दीड पानी पत्र आलं. त्यात लिहिलं होतं, चहाच्या मळ्याचा सुगंध तुम्ही अप्रतिम टिपला आहे.

चहाचा मळा! निपाणीत!

मी ते वाक्य वाचलं आणि स्वतःचीच समजूत घातली, की बाई परदेशातली, तिला तंबाखूची वखार काय कळणार. बाकीचं पत्र इतकं गोड होतं की त्याच संध्याकाळी १८,००० पाठवले. आता परत वाचते तेव्हा दिसतं, त्या दीड पानात माझ्या नायिकेचं नाव नाही, त्या पोराचं नाव नाही, शेवट कसा वाटला त्याचा एक शब्द नाही. एकही चूक काढलेली नाही. पहिल्या चार पानांत काही घडतच नाही, हे तर माझ्या भिशीतल्या मैत्रिणीनंसुद्धा सांगितलं होतं. तुमची कथा वाचून जो एकही चूक दाखवत नाही, त्यानं ती वाचलेलीच नसते.

खरी मेंटॉरशिप कशी असते ते पैसे गेल्यावर शोधलं. अमेरिकेत ‘पिच वॉर्स’ नावाचा उपक्रम २०१२ ते २०२२ चालला. छापून आलेले लेखक नवख्यांची कादंबरी निवडून तिच्यावर काम करून घ्यायचे, प्रेमकथासुद्धा, आणि फी नव्हती. आपल्याकडे नॅशनल बुक ट्रस्टची पंतप्रधान युवा योजना २०२१ मध्ये आली. तीस वर्षांखालच्या निवडलेल्या लेखकांना सहा महिने दरमहा ५०,००० रुपये, वर मार्गदर्शक. त्यात २२ भारतीय भाषा आहेत, मराठीही आहे. माझं वय उलटून गेलं, पण तुमच्या मुलींना सांगा. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकाला अनुदान देतं. पैसा आलाच तर तो लेखकाकडे येतो. तुमच्याकडून जायला लागला की तिथंच थांबा.

आणि जीएसटीची पावती मिळाली म्हणून निर्धास्त होऊ नका. माझ्या पावतीवर पत्ता बेंगळुरूचा आणि जीएसटी नंबर २७ पासून सुरू होणारा. कर्नाटकाचा कोड २९ आहे, २७ महाराष्ट्राचा. तो पंधरा अक्षरी नंबर जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर टाकला तर निघालं एक फरशीचं दुकान. त्या बिचाऱ्याला पत्ताही नसेल.

आता पोलीस. मराठीत लिहिलेला अर्ज घेऊन गेले, तर ‘कन्नडात आणा’. मला कन्नड बोलता येतं, अर्ज लिहिण्याइतकं येत नाही. भाचीकडून लिहून घेतला, तर साहेब नाहीत, ‘नाळे बर्री’, म्हणजे उद्या या. साहेब भेटले तर म्हणाले, तुम्हीच पाठवलेत ना पैसे? मग काय लिहिता म्हणून विचारलं. प्रेमकथा म्हटल्यावर दोन शिपाई एकमेकांकडे बघून हसले. माझ्या वयाच्या बाईला! वर सल्ला, पैसे महाराष्ट्रातल्या खात्यात गेलेत, कोल्हापूरला जा. कोल्हापूरला गेले तर, तुम्ही कर्नाटकच्या, तिकडेच तक्रार करा. १९५६ पासून दोन राज्यं आमच्या गावांवर भांडतात, २००४ पासून सुप्रीम कोर्टात दावा आहे, आणि एक साधा अर्ज घ्यायची वेळ आली की दोघांनाही आम्ही नकोत. बँकेचं वेगळंच. ओटीपी तुम्हीच टाकला, आमची जबाबदारी नाही, पुढचा नंबर.

नंतर एका वकीलबाईंनी सांगितलं ते लिहून ठेवा. जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे, दखलपात्र गुन्ह्याची तक्रार हद्दीबाहेरची असली तरी कुठल्याही ठाण्याला घ्यावी लागते. राज्यघटनेच्या कलम ३५० प्रमाणे गाऱ्हाणं राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देता येतं. या दोन कलमांचा कागद घेऊनच ठाण्यात जा. पण त्याही आधी, पैसे गेल्या गेल्या, १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन लावा. त्याच घटकेला लावला तर पैसे पुढच्या खात्यात जायच्या आत अडवता येतात. मी लाजेनं गप्प बसले, आणि तेवढ्यात खातं रिकामं झालं. स्क्रीनशॉट पुसू नका. रागानं ब्लॉकही करू नका, आधी सगळं बोलणं साठवून घ्या.

परवा नव्या नंबरावरून मेसेज आला. ‘सायबर रिकव्हरी विभाग’, तुमचे ३५,४३९ रुपये परत मिळवून देतो, प्रोसेसिंग फी फक्त १,९९९. रुपयापर्यंतचा आकडा बरोबर आहे. तो मी, माझी भाची, पोलीस आणि त्या चोरांशिवाय कुणाला माहीत नाही. असा मेसेज तुम्हालाही येईल. उत्तर देऊ नका.