सीटवरचा डाग: घरचा साबण, फोमचा स्प्रे की मशीनवाला?

महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरताना आंबेनळी घाटात भाचीला गाडी लागली. पिशवी हाताशी येईपर्यंत व्हायचं ते मागच्या सीटवर होऊन गेलं. सीट कापडी, रंग बेज. त्या एका डागापायी मी तिन्ही उपाय करून बसलोय.

सीटचं कापड पातळ असतं आणि त्याखाली जाडजूड स्पंज. वरून ओतलेलं पाणी मळ घेऊन स्पंजात उतरतं आणि वाळताना तोच मळ पुन्हा वर आणतं. डाग गेला म्हणून आपण खूश होतो आणि दुसऱ्या दिवशी तिथे नकाशासारखी पिवळट कड उमटते. म्हणून साबण कोणता यापेक्षा पाणी किती आत जातंय आणि किती बाहेर येतंय, हे बघून उपाय निवडावा.

घरचा उपाय ताज्या डागाला सगळ्यात भारी. वाटीभर पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब, घट्ट पिळलेला फडका, कडेकडून मध्याकडे टिपत यायचं, मग साध्या पाण्याच्या फडक्याने साबण काढायचा. घासलं तर डाग पसरतो. कोरा चहा, सरबत, डोकं टेकून टेकून लागलेलं खोबरेल तेल, एवढ्याला हे पुरतं. चिखल मात्र ओला असताना हातच लावू नका. वाळू द्या, झटका, मग उरलेलं पुसा. दूध, रक्त, उलटी असेल तर पाणी गारच हवं, गरम पाण्याने त्यातली प्रथिनं धाग्यात घट्ट बसतात.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतून फसफसवणारे व्हिडिओ बघायला छान वाटतात. पण आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारून टाकतात, हाती उरतं ते खारट पाणी. नुसता कोरडा सोडा रात्रभर भुरभुरवून सकाळी व्हॅक्यूमने ओढला तर वास कमी होतो, तेवढ्यापुरता तो ठेवा.

आणि हळद! आमटीच्या डागावर सोडा किंवा कपड्यांचा साबण लावला की डाग लालभडक होतो. घाबरू नका, हळदीला चुना लावून कुंकू करतात तोच हा प्रकार. सौम्य लिक्विडने तेल काढायचं आणि गाडी दोन-चार दिवस अशी लावायची की त्या जागेवर थेट ऊन येईल. हळदीचा रंग उन्हात विटतो.

फोमचा स्प्रे काही शे रुपयांत मिळतो. त्यात पाणी कमी, त्यामुळे कड उमटायची भीती कमी. सीटवरचा एकूण मळकटपणा आणि छताचं कापड यांच्यासाठी मी तोच घेईन. छत ओलं झालं तर चिकटवलेलं कापड सुटून लोंबायला लागतं. फेस मारून मऊ ब्रशने फिरवल्यावर लगेच ओलसर फडक्याने उचलायचा. तो तसाच राहिला तर चिकट थर धूळ धरतो आणि महिन्याभरात सीट पहिल्यापेक्षा काळी दिसते. आधी सीटच्या खालच्या कोपऱ्यात थोडा मारून रंग जात नाही ना, ते बघा. फोम खोलवर पोचत नाही. आमच्या सीटवर तो मारल्यावर डाग दिसेनासा झाला, पण बंद गाडी तापली की वास पुन्हा हजर.

शेवटी मशीनच लागलं. ते पाणी दाबाने आत सोडतं आणि तिथल्या तिथे ओढून घेतं. टाकीत जमलेलं करडं पाणी बघितल्यावर दोन हजार रुपयांचं दुःख ओसरलं. मात्र ‘इंटिरिअर क्लीनिंग’च्या पाटीखाली बरेच जण फोम आणि ब्रशच फिरवतात. फोनवरच विचारा: ‘पाणी ओढणारं मशीन आहे का?’ उत्तर गुळमुळीत आलं तर तेच काम घरी करा. नुसती वाफ मारतो म्हणाला तर दुधाच्या किंवा रक्ताच्या डागावर नको म्हणा. सीटवर पाण्याची बंदूक धरणाऱ्याला तर गाडीजवळ फिरकू देऊ नका: सीटखाली वायरी असतात आणि बऱ्याच गाड्यांत पुढच्या सीटच्या कुशीत एअरबॅग.

स्वतःचं मशीन घ्यावं का? घरात कुत्रा, दोन लहान मुलं आणि कापडी सोफा असेल तर घ्या. एका डागासाठी नको.

वाळवण्याचा हिशेब आधी करा. एप्रिलात काचा उघड्या ठेवल्या की एका दुपारीत सीट खडखडीत होते. जुलैत तीच सीट दिवसेंदिवस दमट राहून कुबट वास धरते. पावसाळ्यात डाग वरवरचा असेल तर फोमवर भागवा. खोल गेला असेल तर मशीनवाल्याकडूनच थेट घरी या आणि वाटभर एसी चालू ठेवा, तो हवेतला दमटपणा ओढतो. घरी आल्यावर पार्किंगमध्ये दारं उघडून टेबलफॅन लावा.